आधी शिंगीचं बघ

मस्कतहून आलेलं पत्र चार पानांचं आहे. त्यातला गाभा तेवढा इथं देते.

“काकू, माझं माहेर दूधगंगेकाठी, बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याजवळ. मी अकरा वर्षं मस्कतला आहे, दवाखान्यात नोकरी करते. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरात पुरुषभर पाणी होतं, मागची भिंत पडली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा उंबऱ्याच्या आत आलं. त्या वेळी आई शाळेतल्या पूरग्रस्तांच्या काळजी केंद्रात, आप्पा आमच्या म्हशीला, शिंगीला, आणि तिच्या रेडकाला घेऊन माळावर, वहिनी पोरांसकट गडहिंग्लजला तिच्या माहेरी, अण्णा कुठं ते कुणालाच ठाऊक नाही, आणि मी इथं फोन धरून बसलेली. नंतर अक्कानं आई-आप्पांना निपाणीला नेलं. चौथ्या दिवशी आप्पा चिखलातल्या घरात परत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इथं शाहीन चक्रीवादळ आलं, तेव्हा आप्पांनी दिवसभर इतके फोन केले की मी चिडून फोन बंद करून ठेवला.

यंदा मे महिन्यात सुट्टीला आले तेव्हा म्हटलं, चिक्कोडीत फ्लॅट घेते, तुम्ही कायमचं तिकडं राहा. आप्पा काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. अण्णा म्हणाला, ‘पैसा तुझा म्हणून निकालपण तुझाच काय? पाणी आलं की तू एसीत बसून हुकूम सोडतीस, ट्रंका आम्ही उचलतोय.’ तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. आता मिरग निघालाय. पहाटे उठून धरणांचे आकडे बघत बसते. नवरा म्हणतो, आपल्या हातात काय आहे? नोकरी सोडून परत यावं का? माझं चुकलं कुठं?

ता. क. इथल्या मैत्रिणी गावासाठी वर्गणी काढू म्हणतात. कशी पाठवू?”

— दूधगंगेची लेक

अगं लेकी,

तुझं चुकलं कुठं ते तूच लिहिलं आहेस, फक्त परत वाचलेलं दिसत नाही. तू फ्लॅटचं बोललीस आणि आप्पा उठून गोठ्यात गेले. हे उत्तरच की! याहून स्पष्ट ते काय बोलणार होते? चिक्कोडीच्या दुसऱ्या मजल्यावर शिंगी कुठं बांधायची?

चार पानांत शिंगीचं नाव एकदा आलंय. आप्पांनी पत्र लिहिलं असतं तर पहिल्या ओळीत आलं असतं. नदीकाठच्या माणसाला पूर आधी गोठ्यात दिसतो आणि मग घरात. माणसांना काळजी केंद्रात जागा होते. सकाळी उप्पीट, दुपारी भात-सांबार, झोपायला शाळेची खोली. भाकरीची आठवण येते, पण भागतं. जनावरांचं तसं होत नाही. ती उंचावरच्या रस्त्याच्या कडेला पावसात उभी, कडबा भिजलेला, नदीकाठच्या मळीतली वैरण पाण्याखाली. दूध रोजचं, दहा दिवसांनी येणारं त्याचं बिल म्हणजे घरातली एकमेव हक्काची रोकड. गाभण म्हैस बिथरली तर वर्षाचं गणित गेलं. म्हणून तर पाणी परड्यात आलं तरी म्हातारी माणसं जागची हलत नाहीत. आपण लांबून म्हणतो, हट्टी आहेत. त्यांना जनावर सोडून जायचं नसतं, एवढंच. आणि जनावर कुठं न्यायचं हे आधी ठरलेलं नसलं की रात्री दोन वाजता, कमरेएवढ्या पाण्यात, कोण ठरवणार?

तेव्हा फ्लॅटचा विचार तूर्त गुंडाळून ठेव. माळावर, पाणी चढत नाही अशा ठिकाणी, कुणाचा गोठा किंवा पत्र्याची शेड तीन महिन्यांसाठी मिळते का ते बघायला सांग. जुलै ते सप्टेंबर. वैरण आत्ताच, जूनमध्ये भरून ठेवायची. पुरात एका पेंढीचा भाव काय होतो ते गावात विचार. याला लागणारा पैसा फ्लॅटच्या एका हप्त्याइतकाही नसेल. शिंगी आधी वर गेली, की आप्पांना खाली थांबायला कारण उरत नाही. मग ते चालतच जातील बघ, कुणी ओढायला नको.

आता निपाणी. आप्पा चौथ्या दिवशी का परतले, याचा तुला राग आहे. अक्कालाही आला असेल. चार दिवस पुरणपोळीपासून सगळं केलं असेल तिनं. पण आपल्याकडं बाप लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जातो. निर्वासित म्हणून जायची त्याला सवय नाही. जावई कितीही देवमाणूस असला तरी त्याच्या घरात संडासला जातानासुद्धा संकोच असतो. सकाळी उठून काम नाही, धार काढायची नाही, टीव्हीवर आपलंच गाव पाण्यात दिसतंय आणि जावई विचारतोय, “मामा, चहा घेता काय?” चार दिवस ते राहिले हेच पुष्कळ म्हण.

यावर मला दिसतो तो उपाय असा: चिक्कोडीत किंवा निपाणीत, अक्काच्या घरापासून जवळ, दोन खोल्या पावसाळ्यापुरत्या भाड्यानं. भाडं तू दे, पण लाईट बिल आणि गॅस आप्पांनी भरायचा. हसू नकोस. त्या बिलापायी ती खोली त्यांची होते. आईला स्वतःची चूल मिळते. वहिनीलाही पोरं घेऊन गडहिंग्लजला जायचं की इथं राहायचं हे स्वतः ठरवता येतं. आणि मुख्य म्हणजे पाणी उतरलं की ‘परत गेले’ असं कुणी म्हणत नाही, कारण ते तीन महिन्यांसाठीच आले होते.

कायमचं हलायचं की नाही हा निराळा प्रश्न आहे, आणि तो तुझ्या एकटीचा नाही. आपल्या भागात पूर आला की दर वेळी गाव उचलून उंचावर न्यायची चर्चा होते आणि पाणी ओसरलं की तीही ओसरते. त्याची कारणं सरकारकडं जेवढी आहेत तेवढीच लोकांच्या पोटात आहेत. शेत खाली, घर वर, रोजची पायपीट कोण करणार? देऊळ खाली. पाण्याचे वर्षातले पंधरा दिवस, कोरडे साडेतीनशे. आप्पा हा हिशोब मनात मांडून बसलेत, तू मांडला नाहीस.

अण्णाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण खरी जखम तिथं आहे.

मी स्वतः बेळगावात राहते. २०१९ च्या ऑगस्टात माझी धाकटी बहीण अंकलीकडं पाण्यात अडकली होती. बेळगाव ते अंकली म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता. पण त्या आठवड्यात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं, पुढं कोल्हापूरच्या पलीकडं पंचगंगेचं. काठावरचे लहान पूल तर केव्हाच बुडालेले. माझ्यासाठी अंकली आणि मस्कत सारखंच लांब झालं होतं. मग मी काय केलं? फोन. सकाळपासून अकरा फोन. “घर सोडलंस का? अजून का नाही सोडलं? दागिने घेतलेस का? भाऊजींना दे फोन.” संध्याकाळी तिचा फोन लागेना. पुढचे दोन दिवस लागला नाही. मी देव पाण्यात घालून बसले. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या फोनवरून बोलली, आणि पहिलं वाक्य हे: “अक्का, तुझ्या काळजीनं माझी बॅटरी संपली.”

खांब पाण्यात गेले की हेस्कॉमवाले, म्हणजे वीज कंपनीची माणसं, लाईन बंद करतात, करावीच लागते. मग त्या फोनमध्ये जेवढं चार्जिंग असतं तेवढंच माणसाचं जगाशी नातं. होडीवाल्याला बोलवायला, डॉक्टरला विचारायला ते लागतं. ते मी माझ्या हुंदक्यांत खर्च केलं होतं. आणि तू तर व्हिडिओ कॉल करतेस!

म्हणून आत्ताच ठरवून टाका. दिवसातून एक फोन, ठरल्या वेळी, एकाच माणसाला. तुझ्याकडचं घड्याळ आपल्या दीड तास मागं आहे. इथले संध्याकाळचे सात म्हणजे तुझे साडेपाच. बाकी सगळं साध्या मेसेजवर. तो बारीक नेटवर्कवरही जातो आणि बॅटरी खात नाही. अक्काला निपाणीत लाईट असते, तेव्हा गावाची खबर अक्काकडून घे. एक पॉवर बँक पाठवतेस का? दोन पाठव. एक अण्णाच्या हातात दे, ‘तुझ्यासाठी’ म्हणून.

आणि फोनवर काय बोलायचं? शाहीनचा दिवस आठव. तू खिडकीला टॉवेल लावत होतीस, पोरगी रडत होती, रस्ते पाण्यात गेले होते, आणि आप्पा विचारत होते, “अजून तिथंच हायस? दुसरीकडं जा की.” कुठं जाणार होतीस? त्यांना तुझी बिल्डिंग माहीत नाही, रस्ते माहीत नाहीत. तू चिडलीस आणि फोन बंद केलास. अण्णानं तेच केलंय, फक्त जरा मोठ्यानं. त्या दिवशी आप्पांनी नुसतं “जेवलीस काय? पोरगी कशी आहे?” एवढंच विचारलं असतं तर तू फोन बंद केला असतास का?

अण्णाला फोन कर. मे महिन्यातल्या भांडणाचा निकाल लावायला करू नकोस. “माळावर कुणाची शेड मिळेल, तुला कुणाची बरी वाटते?” असं विचार. हे त्यालाच माहीत आहे, तुला नाही, आणि तुला माहीत नाही हे त्याला ऐकू दे. तो म्हणेल त्याला पैसे पाठव, त्याच्याच खात्यावर. हिशोब मागू नकोस. ट्रंका उचलणाऱ्याच्या हातात पैसा दिला की त्यातले चारशे-पाचशे इकडं-तिकडं होतात. होऊ देत.

पहाटेच्या आकड्यांचं सांगते. कोयनेत किती टीएमसी झाले हे बघून तुला काही कळणार नाही, नुसती धडकी भरेल. तुमच्या गावाला दोन पाणी लागू पडतात: राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेत येणारं आणि दूधगंगेतून सदलग्याजवळून जाणारं. त्यांची बेरीज म्हणजे कल्लोळला कृष्णेत जाणारं पाणी. पावसाळाभर आपल्या वर्तमानपत्रांत हाच हिशोब छापून येतो. आणि ध्यानात ठेव, कृष्णा फुगलेली असली की दूधगंगेला पुढं वाट मिळत नाही. ती मागं फुगते. वरच्या काळम्मावाडी धरणातून पाणी कमी सोडलं तरी तुमच्या मळीत चढतं ते यामुळं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघ आणि फोन उलटा ठेव. गावातल्या लोकांना आकडे लागतच नाहीत. मलिकवाड-दत्तवाडचा पूल बुडाला, भोज-कारदग्याचा बुडाला, की त्यांना पुढचं समजतं. अण्णाला तेवढंच विचार, “कुठला पूल गेला?”

‘धरण फुटलं’ म्हणून फिरणारे व्हिडिओ पुढं ढकलू नकोस. त्यातले निम्मे भलत्याच राज्यातले, भलत्याच वर्षातले असतात. आणि अलमट्टी धरणावरून आप्पांशी वाद घालू नकोस. तिकडं सांगली-कोल्हापूरची माणसं अलमट्टीकडं बोट दाखवतात, इकडची कोयनेकडं. अलमट्टीत ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवतात आणि ती उंची वाढवण्यावरून दोन्ही राज्यं वर्षानुवर्षं भांडताहेत. तुमच्या घराचा उंबरा मात्र होता तिथंच आहे.

मस्कतमधून तुला खरंच करता येईल असं एक काम आहे, आणि ते घरात दुसरं कुणी करणार नाही. कागद.

२०१९ च्या पुरानंतर कर्नाटक सरकारनं तातडीची मदत म्हणून दहा हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख जाहीर केले. घराची पडझड किती झाली त्यावरून ए, बी, सी असे वर्ग केले आणि बांधकाम जसं वर येईल तसे हप्ते दिले. तू लिहिलंयस की तुमचं घर ‘बी’त गेलं आणि अण्णा अजून त्यावरून धुमसतोय. पुढं कधी पंचनाम्याची वेळ आली तर रक्कम त्या वेळच्या आदेशाप्रमाणे असेल, पण कागद तेच लागतील. घराच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे म्हणतेस. आजोबा जाऊन किती वर्षं झाली? वारसाची नोंद पाणी यायच्या आत घालायला सांग. दोघी आत्यांच्या सह्या लागतील, आणि त्या आत्ता रुसल्या नसतील तर आत्ताच घ्या. घरपट्टीची पावती, रेशन कार्ड, आधार, पासबुक, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर, सगळ्याचे फोटो तुझ्या फोनमध्ये ठेव. ट्रंक भिजते, मस्कतला ठेवलेला फोटो भिजत नाही. घराचे चारी बाजूंनी फोटो आत्ता, कोरडं असताना काढून घे, म्हणजे भिंत आधी उभी होती हे दाखवता येतं. नोटिसा आणि अर्ज कन्नडमध्ये येतात. अण्णाला वाचता येत असेल, आप्पांना नाही. गावातल्या कन्नड शाळेत गेलेल्या एखाद्या पोराला आत्तापासून हाताशी धरा. तलाठ्याचा, पंचायतीच्या पीडीओचा (विकास अधिकाऱ्याचा) आणि काळजी केंद्राच्या शाळेतल्या मास्तरांचा नंबर लिहून ठेव. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर तुझ्या कामाचा नाही, तो इथून लावायचा.

एक गोष्ट मात्र ओरडून सांगितलीस तरी चालेल. मातीची भिंत पाण्यात जेवढी पडते त्याहून जास्त पाणी उतरल्यावर पडते. पाणी असतं तोवर ते दोन्ही बाजूंनी भिंतीला धरून असतं. ते गेलं, वर ऊन पडलं, की आतून भिजून जड झालेली भिंत एकाएकी बसते. लोक नेमके त्याच दिवशी घरात शिरतात, चिखल काढायला. चार दिवस अंगणातूनच बघा, आत झोपायचं तर मुळीच नाही. २०२१ ला आप्पा चौथ्या दिवशी त्या घरात जाऊन राहिले, मला वाचतानाच काटा आला.

नोकरी सोडून येऊ नकोस. पुरात इथं आलीस तर सांबऱ्याच्या विमानतळावर उतरशील आणि निपाणीच्या अलीकडं अडकशील. घरच्यांना एका माणसाची आणखी काळजी. यायचंच तर पाणी उतरल्यावर ये. तेव्हा मदतीच्या गाड्या निघून गेलेल्या असतात, पाहुणे पांगलेले असतात आणि घरात गुडघाभर गाळ असतो. चार हात तेव्हा लागतात. आठ दिवस रजा काढ, जुने कपडे आण आणि अण्णाबरोबर फावडं धर. ते एसीचं वाक्य तो स्वतःच मागं घेईल; घेतलं नाही तरी गाळ तरी निघेल.

वर्गणीचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपापल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर इकडच्या कायद्याची अडचण नाही. पण तुमच्या दवाखान्यात ओमानी, फिलिपिनो मैत्रिणीही असतील. परदेशी नागरिकांचा पैसा गावातल्या तरुण मंडळाच्या खात्यावर घ्यायचा तर मंडळाची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि ती बहुधा नसतेच. भाबडेपणानं मंडळाच्या पोरांना गोत्यात आणू नकोस. त्या मैत्रिणींना म्हण, तुमच्या सदिच्छा पुरे.

अण्णाला फोन करशील तेव्हा शिंगी कधी व्यायची आहे तेही विचार. श्रावणात असेल तर ती शेड घेण्याआधी अक्काला एकदा माळावर पाठव. छप्पर गळतं का, जमीन किती उतरती आहे, आणि दार एवढं रुंद आहे का की म्हैस आणि पाठोपाठ रेडकू आत जाईल.

— काकू